पैनगंगेपलीकडचे घुसखोर

"ज्या देशात जन्मला त्याच देशाविरुद्ध शेजारच्या देशात जाऊन बंदूक घेऊन परत येतो तो गद्दार. विषय संपला."

हे वाक्य मी गेल्या तीन-चार वर्षांत ऑफिसच्या कॅन्टीनमधे किमान वीस वेळा ऐकलं असेल. बोलणारे बदलतात, बातमी बदलते, वाक्य तेच. आणि खरं सांगायचं तर व्याख्या म्हणून ते वाईट नाही. छोटं आहे, स्वच्छ आहे, एका ओळीच्या फंक्शनसारखं आहे. इनपुट द्या, गद्दार आहे की नाही ते आउटपुट घ्या. पण आपल्या धंद्यात कुठलंही फंक्शन टेस्ट केल्याशिवाय कोणी प्रॉडक्शनला पाठवत नाही, निदान पाठवू नये (पाठवतात, माहितीये!). म्हणून माझ्या गावाकडची एक टेस्ट केस टाकतो.

वर्ष १९४८. कळमनुरी तालुक्यातला विशीचा पोरगा. याचा जन्म इथला, शेत इथलं, आई-बाप इथं. याच्या नावावर वॉरंट आहे म्हणून हा पैनगंगा ओलांडून पलीकडच्या देशात पळून गेलाय. तिथे एका कॅम्पमधे राहतो, बंदूक चालवायला शिकतो. मग एका रात्री दहा-बारा जणांसोबत नदी ओलांडून परत येतो, आपल्याच तालुक्यातला सरकारी नाका जाळतो, पोलीस ठाण्यावर गोळीबार करतो आणि उजाडायच्या आत पलीकडे निघून जातो.

चालवा फंक्शन. आउटपुट काय येतं?

आता सांगतो की हा पोरगा म्हणजे मराठवाड्यातला स्वातंत्र्यसैनिक. असा एक नव्हता, शेकडो होते. त्यांच्यासाठी दर १७ सप्टेंबरला आमच्याकडे झेंडा लागतो. पुण्यातल्या मित्रांना हे दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात: भारत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण मराठवाडा त्या दिवशी भारतात नव्हता. तो हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. तेरा महिने. या तेरा महिन्यांत पैनगंगा ही नुसती नदी नव्हती, आंतरराष्ट्रीय सीमा होती. अलीकडे परभणी जिल्ह्यातलं कळमनुरी (हिंगोली जिल्हा अगदी अलीकडचा, १ मे १९९९ चा) म्हणजे निजामाचा मुलूख. पलीकडे पुसद-उमरखेड म्हणजे वऱ्हाड, म्हणजे भारत.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. तो पलीकडचा वऱ्हाडसुद्धा कागदोपत्री निजामाचाच होता! १८५३ मधे इंग्रजांनी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी तो ताब्यात घेतला आणि १९०२ मधे कायमच्या भाडेपट्ट्यावर लिहून घेतला. म्हणजे कोण 'देशात' आणि कोण 'परदेशात' हे एका भाडेकरारावर ठरलं होतं. नदीच्या दोन्ही काठांवर तीच मराठी, तीच ज्वारी, तेच सोयरेसंबंध. उमरखेडची लेक कळमनुरीला दिलेली आणि कळमनुरीची पुसदला. असो.

इथे नेहमी एक आक्षेप येतो. "अरे पण हैदराबाद कुठे देश होता? ती सगळी भारतीयच होती ना, मग गद्दारी कसली?" हा आक्षेप म्हणजे उत्तर माहीत असताना मागून केलेलं गणित आहे. १९४७ च्या कायद्याने ब्रिटिशांचं संस्थानांवरचं सार्वभौमत्व संपलं. निजामाने जून १९४७ मधेच फर्मान काढून आपण स्वतंत्र राहणार हे जाहीर केलं. त्याचं स्वतःचं सैन्य होतं, स्वतःची रेल्वे, पोस्टाची तिकिटं, हाली शिक्का हे स्वतःचं चलन, आणि सीमेवर जकात घेणारे करोडगिरी नाके. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारने त्याच्याशी 'जैसे थे' करार केला. करार दोघांत होतो, स्वतःच्याच तालुक्याशी कोणी करत नाही. ऑगस्ट १९४८ मधे हैदराबादने थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. शेवटी ते राज्य टिकलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण जेव्हा तो पोरगा नदीत उतरला तेव्हा ते टिकणार की नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या राज्याच्या दप्तरात तो फरारी होता आणि शेजारच्या देशातून हत्यारं घेऊन येणारा शत्रू होता. आजच्या टीव्हीच्या भाषेत सांगायचं तर घुसखोर. सीमेपलीकडून चालणारा दहशतवाद, लाँच पॅड, सगळं आलं त्यात.

मला चीड येते ती याची की १७ सप्टेंबरच्या भाषणांतून हा भाग सफाईने गाळला जातो. "मुक्तिसंग्रामातील वीरांनी प्राणांची बाजी लावली", टाळ्या, खाऊवाटप, सुट्टी. त्या वीरांनी नेमकं काय केलं? करोडगिरी नाके जाळले. गावोगाव पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं पेटवली. शिंदीची झाडं तोडली, कारण शिंदीवर सरकारचा महसूल होता. तारा तोडल्या. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटली, हैदराबाद स्टेट बँकेची शाखा, दिवसाढवळ्याच्या कायद्याने शुद्ध दरोडा. आणि हे सगळं अशा वेळी, जेव्हा त्यांना आसरा देणाऱ्या भारताने निजामाशी 'जैसे थे' करार केलेला होता. हे सांगायला आपल्याला लाज वाटते का? मला वाटत नाही. माझ्या मते त्यांनी जे केलं ते बरोबर होतं. पण बरोबर होतं हे म्हणायचं असेल तर आधी काय केलं ते धडपणे म्हणायला हवं, आणि मग का बरोबर होतं ते सांगायला हवं. आपण पहिलं गाळतो म्हणून दुसरं सांगायची वेळच येत नाही.

या गाळागाळीतली सगळ्यात भारी गोष्ट सरकारी फॉर्ममधे सापडते. स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनच्या नियमांत भूमिगत असल्याचा पुरावा म्हणून काय मागतात माहितीये? अर्जदाराला फरारी घोषित केल्याचा, त्याच्या डोक्यावर इनाम लावल्याचा किंवा अटकेचा-स्थानबद्धतेचा त्या वेळच्या सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश. पुढे हैदराबादच्या सरहद्दीवरचे कॅम्पही या योजनेत घेतले गेले. म्हणजे निजामाच्या सरकारने "हा आमचा गुन्हेगार" असं लिहिलेला कागद हाच भारत सरकारकडे देशभक्तीचा उत्तम दाखला! शत्रूच्या रजिस्टरमधे नाव नसेल तर तुम्ही मित्र कशावरून? (ज्यांच्याकडे तो कागद नव्हता त्यांतल्या काहींनी तो तयार करून घेतला हा वेगळाच किस्सा. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण कोर्टात गेलं, माने आयोग बसला. सध्या ते राहू दे.) पेन्शन ऑफिसातल्या क्लार्कला जे कळतं ते आमच्या कॅन्टीनला कळत नाही. 'गद्दार' हा शिक्का मारणारं सरकार कोणतं, हे बघितल्याशिवाय त्या शिक्क्याला काही किंमत नाही.

बरं, मग का बरोबर होतं?

"निजाम मुसलमान होता आणि रयत हिंदू" हे उत्तर तुम्हाला व्हॉट्सॲपवर मिळेल. ते अर्धं आहे आणि अर्धं असल्यामुळे चूक आहे. राजाचा धर्म वेगळा असणं हे बंदूक उचलायचं कारण होत नाही. कारण हे होतं की त्या राज्यात बंदुकीखेरीज दुसरे सगळे दरवाजे एकेक करून बंद केले गेले होते. साधी सभा घ्यायची तर आधी परवानगी, त्यासाठी 'गश्ती निशान ५३' नावाचं कुप्रसिद्ध परिपत्रक होतं. १९३७ मधे परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तिथल्या मागण्या वाचल्या तर आज हसू येईल इतक्या मवाळ वाटतात. १९३८ मधे हैदराबाद स्टेट काँग्रेस निघायची होती, तर निजाम सरकारने ती स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी घातली. (रिलीज व्हायच्या आधीच प्रॉडक्ट बॅन. याला म्हणतात प्रोॲक्टिव्ह!) त्याच ऑक्टोबरमधे सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थ आणि बाकीचे तुरुंगात गेले. त्याच वर्षी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणतात म्हणून उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातले बरेच जण शिकायला नागपूरला गेले. निर्वासितांची ही पहिली तुकडी, आणि त्यांच्या हातात पुस्तकं होती, बंदुका नव्हत्या. त्यातलाच एक विद्यार्थी पुढे १९४७-४८ मधे चांद्याच्या सरहद्द कॅम्पमधे काम करत होता. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव. ज्या १९९१ च्या निर्णयांमुळे तुमची-माझी इंडस्ट्री या देशात उभी राहू शकली, ते घेणारा पंतप्रधान एके काळी कोणाच्या तरी दप्तरात सीमेपलीकडचा उपद्रवी माणूस होता. पुढच्या वेळी कॅन्टीनमधे व्याख्या सांगताना हेही सांगा.

बंदी उठली ती १९४६ मधे. तेव्हा ज्या 'सुधारणा' आल्या त्यात विधिमंडळात हिंदू-मुसलमानांना समसमान जागा, जेव्हा सुमारे १ कोटी ६० लाखांच्या संस्थानात पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक हिंदू होते. स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला. ऑगस्ट १९४७ मधे पुन्हा सत्याग्रह, पुन्हा अटका. स्वामीजींना भारताच्या पहिल्या स्वातंत्र्यदिनी, १५ ऑगस्टलाच अटक झाली. आणि तोवर गावोगाव कासिम रझवीचे रझाकार फिरायला लागले होते. हा रझवी मूळचा लातूरचा वकील. आमच्याकडे म्हातारी माणसं "रझाकाराच्या टायमाला" असं अजून म्हणतात, जसं दुष्काळाचं किंवा प्लेगचं म्हणावं तसं. लूट, जाळपोळ, खंडणी, बायकांवर हात. पोलिसात तक्रार करायची सोय नव्हती, कारण पोलीस त्यांच्याच बाजूला.

मला हे कारण महत्त्वाचं वाटतं कारण ते कुठेही लावून बघता येतं. मत द्यायचा अधिकार नाही, सभा नाही, वर्तमानपत्र नाही, कोर्टात दाद नाही, शांतपणे तुरुंगात जाऊन झालं, तेही दोनदा. त्यानंतर माणूस नदी ओलांडतो. यातला एक जरी दरवाजा खरोखर उघडा असता तर मी त्या पोराच्या बाजूने इतक्या ठामपणे उभा राहिलो नसतो. आणि हे मी आजच्या प्रत्येक बंदूकवाल्याला लावायला तयार आहे, त्याचा झेंडा कुठलाही असो. पण मग त्याच्या सरकारने किती दरवाजे बंद केले हेही मोजायला तयार पाहिजे. नुसतं "सीमा ओलांडली" एवढ्यावर निकाल लावायचा असेल तर आधी कळमनुरीपासून नांदेडपर्यंतचे हुतात्मा स्मारक पाडा. वसमतच्या कॉलेजला हुतात्मा बहिर्जींचं नाव आहे, तेही काढा.

ही काही फक्त आपल्याकडची भानगड नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मेरीलँडमधल्या कॅम्प रिची इथे हजारो सैनिकांना गुप्तवार्तेचं आणि कैद्यांच्या चौकशीचं ट्रेनिंग दिलं. त्यात जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून पळालेले ज्यू पोरं मोठ्या संख्येने होती. चार-पाच वर्षांपूर्वी ज्या शाळेतून हाकलून दिलं, त्याच देशात ती पोरं शत्रूच्या वर्दीत परत आली. हेन्री किसिंजरचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं: १९३८ मधे पंधराव्या वर्षी फ्युर्थ सोडलं आणि युद्ध संपता संपता अमेरिकन सैनिक म्हणून जर्मनीत उतरला. (पुढे सत्तेत असताना त्याने जे उद्योग केले, विशेषतः १९७१ मधे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) विली ब्रांटचं त्याहून बोलकं आहे. १९३३ मधे नॉर्वेला पळाला, नाझींनी नागरिकत्व काढून घेतलं, १९४७ मधे बर्लिनला परत आला तो नॉर्वेच्या मेजरच्या वर्दीत. १९६१ च्या निवडणुकीत विरोधकांनी त्याला काय विचारलं? तू बाहेर बारा वर्षं काय करत होतास? म्हणजे ज्यांनी हिटलरच्या राज्यात मान खाली घालून नोकरी केली ते निष्ठावान, आणि जो बाहेर जाऊन लढला त्याने हिशोब द्यायचा. ही जर्मन लोकांची कॅन्टीन. तरी १९६९ मधे तोच त्यांचा चॅन्सेलर झाला.

आणि आझाद हिंद सेना विसरू नका. १९४४ मधे इंफाळच्या आघाडीवर ती जपान्यांच्या बरोबर भारतावर चालून आली होती. आपल्याच देशावर, परक्या फौजेसोबत. नोव्हेंबर १९४५ मधे लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लों यांच्यावर खटला उभा राहिला, राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. भुलाभाई देसाईंनी बचावात "यांनी युद्ध केलंच नाही" असं म्हटलं नाही. गुलाम लोकांना आपल्या मुक्तीसाठी युद्ध करायचा हक्क आहे, असं म्हटलं. मला नेमकी हीच सरळ भाषा १७ सप्टेंबरच्या स्टेजवरून ऐकायची आहे.

आता अवघड भाग. इथवर माना डोलावणारे काही जण इथून पुढे वाचणार नाहीत, त्याला इलाज नाही.

परत येणाऱ्या माणसाकडे बंदुकीपेक्षा मोठं हत्यार असतं: त्याला गाव माहीत असतं. रिचीच्या पोरांना अमेरिकेने घेतलं ते त्यांना जर्मन येत होतं म्हणून. नुसतं व्याकरण नाही, कुठल्या भागातला माणूस कसं बोलतो, कुठे बढाई मारतो, कुठे घाबरतो हे माहीत होतं म्हणून. पैनगंगा ओलांडणाऱ्या पोरांचंही तेच. नदीला उतार कुठे आहे, नाक्यावरचा शिपाई किती वाजता झोपतो, कुठल्या वाड्याला मागून दार आहे, कुठलं कुत्रं भुंकतं. बाहेरच्या फौजेला हे शिकायला महिने लागले असते. पण ज्याला मागचं दार माहीत असतं त्याला हेही माहीत असतं की बांधाचं भांडण कोणाशी आहे, सावकार कोण आहे आणि मोहल्ल्यात कोणतं घर पहिलं लागतं. सरकार हा शत्रू आणि गल्लीतला माणूस हा शत्रू, यांच्यामधली रेघ फार बारीक असते. आणि ती ठेवायची जबाबदारी ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचीच.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादमधे शिरल्या, पाच दिवसांत खेळ संपला. आमच्याकडे याला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. हे कुणा शत्रुराष्ट्राचं प्रपोगंडा नाही. खुद्द भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मधे फिरून लिहिलेलं आहे. त्यांचा अंदाज, आणि तोही हात राखून केलेला, सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा. सगळ्यात जास्त फटका उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. गावातले लोक होते, सोलापूरसारख्या बाहेरच्या शहरांतून आलेल्या हत्यारबंद टोळ्या होत्या, काही ठिकाणी वर्दीतल्या लोकांवरही बोट आहे. त्याच अहवालात रझाकारांनी आधी काय केलं तेही आहे आणि शेजाऱ्यांनी शेजारी वाचवल्याचंही आहे. हिंदू कोष्ट्यांनी मुसलमान कोष्ट्यांना वाचवताना जीव दिला. हा अहवाल सरकारने दाबून ठेवला. लोकांना नीट वाचायला मिळाला तो २०१३ मधे, म्हणजे पासष्ट वर्षांनी.

मी हे सगळं सरहद्दीवरच्या कॅम्पांच्या खात्यावर टाकत नाहीये. काही विद्वान उलट्या बाजूने तसं करतात, की बघा, अहवाल हा असा, म्हणजे अख्खा लढाच जातीय होता. हा शुद्ध आळस आहे. ज्या लढ्याची सुरुवात सभाबंदीविरुद्ध आणि मतासाठी झाली त्याचा हिशोब त्या लढ्यालाच लावावा, सप्टेंबरनंतर सुऱ्या घेऊन निघालेल्यांचा त्यांना लावावा. शोएबुल्ला खान आठवा. 'इमरोज' या उर्दू पेपरचा तरुण संपादक, मुसलमान, भारतात सामील व्हा असं उघड लिहायचा. २२ ऑगस्ट १९४८ ला रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारलं. तो नदी ओलांडून गेला नाही, हैदराबादेतच राहून लिहीत राहिला. त्याचा फोटो मी आमच्याकडच्या कुठल्याही १७ सप्टेंबरच्या बॅनरवर पाहिलेला नाही. बॅनर करणाऱ्यांना तो कुठल्या रांगेत बसवावा हे कळत नसावं.

आणि आता 'शत्रू' या शब्दाचा शेवटचा विनोद. ज्याच्याविरुद्ध हे सगळं झालं तो निजाम मीर उस्मान अली खान, त्याचं काय झालं? २६ जानेवारी १९५० पासून तो भारताच्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, १९५६ मधे ते राज्य मोडेपर्यंत. चांगला तनखा, मानमरातब, सगळं. कासिम रझवीला शिक्षा झाली, १९५७ मधे सुटला आणि पाकिस्तानात गेला. राज्याचा प्रमुख आणि मारेकऱ्यांचा प्रमुख, दोघेही म्हातारे होऊन मेले. मेले ते नांदेड-उस्मानाबादच्या खेड्यांतले कोष्टी, मजूर, दुकानदार, ज्यांनी आयुष्यात कधी फर्मान काढलं नव्हतं. माफी वरच्यांना मिळाली, शिक्षा गल्लीने भोगली. म्हणून मला त्या बारीक रेघेचं एवढं पडलंय.

सध्या या दिवसाला कोणतं नाव द्यायचं यावर जोरात भांडण आहे. महाराष्ट्रात 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन', केंद्राने २०२४ मधे 'हैदराबाद मुक्ती दिन' जाहीर केला, तेलंगणात सरकार बदललं की नाव बदलतं, आधी 'राष्ट्रीय एकात्मता' होतं, मग 'प्रजापालन' आलं. करा हवं ते. व्हेरिएबलचं नाव बदलून आतली व्हॅल्यू बदलत नाही हे आपल्याला तरी सांगायची गरज नसावी.

माझी मागणी साधी आहे. येत्या १७ सप्टेंबरला कळमनुरीत जो कोणी झेंड्याखाली भाषण करेल त्याने भाषण पाचच मिनिटांचं करावं, पोरं उन्हात उभी असतात. पण त्या पाच मिनिटांत सांगावं की आपल्या तालुक्यातली पोरं पलीकडच्या देशातून हत्यारं घेऊन आपल्याच सरकारवर चालून आली होती. त्या सरकारने त्यांच्यासाठी कोणकोणते दरवाजे बंद केले होते ते नावानिशी सांगावं. शोएबुल्ला खानचं नाव घ्यावं. आणि सरकार पडल्यावर, जेव्हा लढायला कोणी उरलं नव्हतं, तेव्हा आजूबाजूच्या जिल्ह्यांत काय झालं तेही त्याच माइकवरून सांगावं. समोर बसलेल्यांत दोन्हीकडच्या घरांतली नातवंडं-पणतवंडं असतील. त्यांना खाऊ वाटायच्या आधी.